कृष्णधवल फोटोतल्या लष्करी विमानांना खरे रंग कसे द्यायचे

युद्धकाळातले रंगीत केलेले फोटो आता रोज नजरेस पडतात. बहुतेकांत विमान एकाच मळकट हिरव्या रंगाचं, आकाश निळंभोर आणि वैमानिकाचं जाकीट तपकिरी असतं. दिसायला छान दिसतं. पण त्या विमानावर हिरव्याशेजारी तपकिरी पट्टे होते की करडे, पोट हिरवट होतं की निळसर, हे कुणी शोधलेलंच नसतं. ज्यांनी ती विमानं उडवली, रंगवली आणि दुरुस्त केली त्यांनी ती जशी पाहिली तशी आपल्याला दाखवायची असतील, तर निम्म्याहून जास्त काम ब्रशला हात लावण्याआधी करावं लागतं. हा लेख मुख्यतः त्या कामाबद्दल आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. करड्या छटेकडे बघून रंग सांगता येत नाही. रंग कळतो तो तारखेवरून, तुकडीवरून, कारखान्यावरून आणि त्या वेळच्या आदेशांवरून. आपण बांधलेला अंदाज बरोबर आहे का, हे तपासायला फोटो उपयोगी पडतो. तेसुद्धा फोटो कोणत्या फिल्मवर काढला होता हे समजल्यावरच.

पहिली पायरी: फिल्म ओळखा

जुन्या कृष्णधवल फिल्म दोन प्रकारच्या होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. पिवळाही फार कमी दिसतो. निळ्याला मात्र ती जास्तच प्रतिसाद देते. त्यामुळे अशा फोटोत लाल काळपट येतो, पिवळा गडद करडा होतो आणि निळा अनपेक्षितपणे उजळ दिसतो. पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पकडते, म्हणून तिच्यातला उजळ-गडदपणा आपल्या डोळ्याला दिसतो त्याच्या बराच जवळ असतो.

पॅनक्रोमॅटिक फिल्म १९३० च्या दशकात सर्रास मिळू लागली म्हणून ऑर्थो बाजारातून गेली, असं झालं नाही. ती लाल दिव्याच्या उजेडात धुता यायची, आणि हौशी लोकांच्या कॅमेऱ्यांत तर ती पुढेही बरीच वर्षं होती. कोडॅकची लोकप्रिय व्हेरिक्रोम ही रोल फिल्म ऑर्थो प्रकारचीच होती, तिची पॅनक्रोमॅटिक आवृत्ती १९५६ मध्ये आली. म्हणून १९४० च्या फोटोवरून नुसत्या वर्षाच्या आधारे फिल्मचा निष्कर्ष काढू नका. फोटोतच खुणा शोधा.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ब्रिटिश विमानाच्या बाजूवरचं राउंडेल, म्हणजे एकात एक रंगीत कडी असलेलं गोल चिन्ह. १९४० च्या उन्हाळ्यापासून त्यात आतून बाहेर लाल, पांढरा, निळा आणि पिवळा असा क्रम होता. पॅनक्रोमॅटिक फोटोत सगळ्यात बाहेरचं पिवळं कडं पांढऱ्याच्या खालोखाल उजळ दिसतं आणि निळं गडद दिसतं. ऑर्थोवर हे अगदी उलटं होतं: बाहेरचं पिवळं कडं जवळजवळ काळं, निळं फिकट, आणि मधला लाल ठिपका काळा. राउंडेलला बाहेरून काळी कड आहे असं वाटलं, तर तो फोटो ऑर्थोवरचा आहे असं धरून चाला.

राउंडेल नसेल तर माणसांकडे बघा. ऑर्थोवर ओठ काळपट येतात आणि उन्हात रापलेले चेहरे आहेत त्याहून सावळे दिसतात. आकाश पांढरंफटक होऊन ढग हरवतात. याउलट आकाश खूप गडद आणि ढग उठावदार असतील, तर पॅनक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा किंवा लाल फिल्टर लावलेला असण्याची शक्यता मोठी. लाल फिल्टर लाल रंगाला उजळ आणि निळ्याला काळपट करतो, म्हणजे तिथेही छटांवर थेट विश्वास ठेवता येत नाही.

हे सगळं किती महत्त्वाचं आहे ते पहिल्या महायुद्धातल्या फोटोंत कळतं. जर्मन वैमानिक रिश्टहोफेनचं लाल फोकर तीनपंखी विमान ऑर्थो प्लेटवर काळं दिसतं. १९४० च्या शरद ऋतूतल्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानांची नाकं पिवळी रंगवलेली होती, पण ऑर्थो फोटोत ती गडद करडी येतात, आणि तीच बघून कुणीतरी त्यांना लाल करून टाकतो.

दुसरी पायरी: तारीख आवळत आणा

हवाई दलं रंग आणि खुणा सारख्या बदलत होती, आणि प्रत्येक बदलाला तारीख आहे. फोटोमागे तारीख लिहिलेली नसली तरी विमानाच्या अंगावर ती असतेच. ती वाचता येणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेतो.

समजा स्पिटफायरचा एक फोटो आहे. पॅनक्रोमॅटिक फिल्म, तारीख नाही. वरच्या बाजूला दोन छटांचं कॅमोफ्लाज आहे, एक गडद आणि एक मध्यम. गडद छटा डार्क ग्रीन, यात वाद नाही. मध्यम छटेचा प्रश्न आहे. ऑगस्ट १९४१ पर्यंत ती डार्क अर्थ, म्हणजे तपकिरी होती. त्यानंतर दिवसा लढणाऱ्या विमानांसाठी ती ओशन ग्रे, म्हणजे निळसर करडी झाली, आणि पोटाचा रंग स्कायऐवजी (हा फिकट हिरवट रंग) मीडियम सी ग्रे, म्हणजे मध्यम करडा झाला. कृष्णधवल फोटोत तपकिरी आणि करडा हे दोन्ही सारखेच दिसू शकतात. नुसतं बघत राहून उत्तर मिळणार नाही.

आता खुणा वाचा. पंख्याच्या मधलं टोक, म्हणजे स्पिनर, उजळ आहे का? शेपटीच्या पुढे धडाभोवती उजळ पट्टा आहे का? हे दोन्ही स्काय रंगाचे असत आणि नोव्हेंबर १९४० च्या अखेरीपासून आले. ते नसतील आणि स्पिनर काळा असेल, तर तुम्ही बहुधा त्याआधीच्या उन्हाळ्यात आहात: मध्यम छटा तपकिरी. पट्टा असेल, तर पंखांच्या पुढच्या कडेकडे बघा. टोकाकडच्या भागात पिवळी पट्टी ऑगस्ट १९४१ पासून लावली गेली. पट्टा आहे पण पिवळी कड नाही, याचा अर्थ बहुधा १९४० चा हिवाळा ते १९४१ चा उन्हाळा, पुन्हा तपकिरी. कडही आहे, तर ओशन ग्रे. शेवटी राउंडेल बघा. पिवळं कडं इतर कड्यांइतकंच रुंद असेल तर १९४२ च्या मध्याच्या आधीचं. पिवळं आणि पांढरं दोन्ही अरुंद असतील तर त्यानंतरचं.

पोटही बोलतं. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लढाऊ विमानांचं पोट अर्धं काळं आणि अर्धं पांढरं असे. जून १९४० मध्ये स्काय आला, आणि नोव्हेंबर १९४० ते एप्रिल १९४१ या काळात डाव्या पंखाखालची बाजू पुन्हा काळी केली गेली. अशी एकेक खूण जुळवत गेलं की कोणतीही तारीख न लिहिलेला फोटो काही महिन्यांच्या चौकटीत बसतो. त्या चौकटीत कोणते रंग अधिकृत होते हे मग आदेशांवरून कळतं.

अमेरिकी विमानांत तारखेचं काम पंखावरच्या ताऱ्याने होतं. ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला, कारण लांबून तो जपानी सूर्यचिन्हासारखा दिसे. जून १९४३ मध्ये दोन्ही बाजूंना पांढरे आडवे पट्टे आले आणि त्यांच्याभोवती लाल कड. काही आठवड्यांतच, त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, ती कड निळी करायचा आदेश निघाला. कृष्णधवल फोटोत लाल कड आणि निळी कड ओळखणं फार कठीण, दोन्ही गडदच येतात. कड आजूबाजूच्या निळ्याहून किंचित वेगळी दिसते का ते मोठं करून बघा. तरीही निर्णय तारखेनेच करा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवतानाचे काळे-पांढरे पट्टे जून १९४४ च्या पहिल्या दिवसांत घाईघाईने, बऱ्याच ठिकाणी हाताने रंगवले गेले, आणि जुलैपासून वरच्या बाजूचे काढायला सुरुवात झाली. त्यांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात त्या तशाच ठेवा, सरळ करू नका.

आपल्या जवळच्या आघाडीचे फोटो रंगवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. भारत-ब्रह्मदेश आघाडीवर, म्हणजे १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेन उडवणाऱ्या पहिल्या भारतीय स्क्वॉड्रनच्या काळात, तिथल्या विमानांच्या राउंडेलमध्ये लाल रंग नव्हता. जपानी चिन्हाशी गल्लत टाळण्यासाठी तो काढून गडद निळ्या कड्यात फिका निळा गोल ठेवला होता. फोटोत मधला गोल उजळ दिसतो, म्हणून लोक त्याला पांढरा करतात, किंवा सवयीने मध्ये लाल ठिपका टाकतात. दोन्ही चूक आहे. भारतीय वैमानिकांच्या फोटोंत ही चूक बघून मला खरंच वाईट वाटतं.

तिसरी पायरी: रंगाचा विश्वासार्ह नमुना मिळवा

नाव कळलं म्हणजे रंग कळला असं नाही. स्काय हे नाव ऐकून लोक आकाशी निळा भरतात. प्रत्यक्षात तो फिकट, पिवळसर हिरव्याकडे झुकणारा रंग आहे. त्यात भर म्हणजे जून १९४० मध्ये त्या रंगाचा तुटवडा होता आणि हाताशी होतं ते मिसळून काही विमानांची पोटं निळसर, काहींची हिरवट रंगवली गेली. म्हणजे त्या एका महिन्याच्या फोटोंत निळसर पोटही अशक्य नाही, पण ते एखाद्या नोंदीच्या आधाराने करा.

सगळ्यात चांगला आधार म्हणजे मूळ रंगाचे प्रत्यक्ष नमुने: त्या काळच्या मानकांवरून बनवलेले छापील रंगपत्रकांतले चौकोन, किंवा रंग न बदललेले मूळ अवशेष. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये नॉर्वेतल्या तळ्यातून १९७३ मध्ये काढलेलं हॅलिफॅक्स डब्ल्यू १०४८ हे बाँबर बहुतांशी तसंच, दुरुस्ती न करता ठेवलं आहे. असे अवशेष सोन्याच्या मोलाचे. संग्रहालयात नव्याने रंगवलेलं चकचकीत विमान मात्र पुरावा म्हणून धरू नका. ते रंगवणाऱ्याचा निर्णय दाखवतं, त्या काळचा रंग नाही.

दुसरा आधार खऱ्या रंगीत फोटोंचा. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये आली, आणि तिचे अंधारात जपलेले फोटो आजही फारसे फिके पडलेले नाहीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्फ्रेड पामर यांनी १९४२ मध्ये विमान कारखान्यांत काढलेले मोठ्या आकाराचे रंगीत फोटो आहेत. जोडणीच्या रांगेतली बी-२५ विमानं, झिंक क्रोमेटचा पिवळट-हिरवा प्राइमर, कामगारांचे कपडे, सगळं त्यांत दिसतं. पण स्कॅनमधला रंग थेट ड्रॉपरने उचलू नका. सावलीत काढलेला फोटो निळा झुकतो, संध्याकाळचा पिवळा. फोटोतली पांढरी आणि काळी वस्तू शोधून आधी त्याचा तोल जुळवा, मग रंग बघा. जर्मन आग्फाकलर या रंगीत फिल्मवरचे बरेच फोटो काळाच्या ओघात रंग बदलून बसलेत, त्यांच्याबाबत अधिक सावध राहा.

इंटरनेटवर प्रत्येक रंगाचे तयार आकडे मिळतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्याला कारण आहे. रंगाचा चौकोन कोणत्या उजेडात स्कॅन केला, कोणत्या पडद्यावर पाहिला, यावर आकडा बदलतो. अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ या रंगमानकाचे पाच अंकी क्रमांक सगळीकडे वापरले जातात, पण ते मानक पहिल्यांदा १९५६ मध्ये निघालं. दुसऱ्या महायुद्धातलं एकही विमान त्यावरून रंगवलं गेलेलं नाही, ते क्रमांक म्हणजे नंतर लावलेली सगळ्यात जवळची जुळणी. जिथे शक्य असेल तिथे दोन-तीन स्वतंत्र आधार ताडून बघा, आणि लॅब (L*a*b*, रंग यंत्राने तीन आकड्यांत मोजण्याची पद्धत) पद्धतीने मोजलेले आकडे मिळाले तर त्यांना प्राधान्य द्या. तुमचा स्वतःचा मॉनिटर मोजमाप यंत्राने जुळवून घेणं हेही याच पायरीत येतं. त्याशिवाय हिरव्यातला किंचित पिवळा झुकाव तुम्हाला दिसणारच नाही.

चौथी पायरी: उजळ-गडद क्रम तपासा

आता फोटोला साक्षीला बोलवा. विमानाचे सगळे रंगलेले भाग कागदावर सगळ्यात उजळापासून सगळ्यात गडदापर्यंत क्रमाने लिहा, पण एकाच दिशेने ऊन पडलेल्या भागांचीच तुलना करा. पंखाचा वरचा भाग आणि धडाची बाजू यांची तुलना कामाची नाही. शेजारी तुमच्या ठरवलेल्या रंगनमुन्यांचा तसाच क्रम लिहा. पॅनक्रोमॅटिक फिल्म असेल तर दोन्ही याद्या जुळायला हव्यात.

जुळल्या नाहीत, तर थांबा. कारण चारच असू शकतात: फिल्म चुकीची ओळखली, फिल्टर होता, ऊन वेगळ्या कोनातून पडलंय, किंवा तुमचा रंगच चुकला. उदाहरणार्थ ओशन ग्रे डार्क ग्रीनहून उजळ असायला हवा. तुमच्या फोटोत दोन्ही जवळजवळ सारखे दिसत असतील, तर तारीख पुन्हा तपासा, किंवा ते विमान स्क्वॉड्रनच्या तळावर हाती असलेल्या रंगांनी पुन्हा रंगवलेलं असू शकतं. ऑर्थो फोटोत ही चाचणी निळ्या, पिवळ्या आणि लाल रंगांना लागू करू नका, तपकिरीलाही जपूनच, कारण त्यात लाल असतो.

पाचवी पायरी: रंग भरणं

मूळ फोटो १६ बिटमध्ये स्कॅन करा आणि ती फाइल कायमची बाजूला ठेवा. डाग, ओरखडे काढण्याचं काम प्रतीवर. प्रत्येक रंगासाठी वेगळा लेयर आणि वेगळा मास्क ठेवा, कारण चार महिन्यांनी नवीन पुरावा सापडला तर एकच रंग बदलता आला पाहिजे.

फोटोशॉपमध्ये बहुतेक जण कलर ब्लेंड मोड वापरतात. तो वरच्या लेयरचा रंग घेतो आणि खालच्या फोटोचा उजळ-गडदपणा तसाच ठेवतो. गिम्पमध्ये त्यासाठी एलसीएच कलर मोड जास्त चांगला. पॅनक्रोमॅटिक फोटोत हे बऱ्यापैकी चालतं. ऑर्थोत मात्र इथेच सगळं बिघडतं. काळं आलेलं पिवळं कडं कलर मोडमध्ये कितीही पिवळं केलं तरी मातकट तपकिरीच दिसणार, कारण खालचा उजेड बदललेला नाही. उपाय असा: रंगाच्या लेयरखाली कर्व्हचा एक लेयर ठेवा, त्याला फक्त त्या कड्याचा मास्क द्या आणि ते पांढऱ्या कड्याहून थोडं गडद होईपर्यंत उजळ करा. मग वर पिवळा. निळ्या कड्याचं उलट, ते गडद करा. उजळ केलेल्या भागात फिल्मचे दाणे जास्त दिसतील किंवा गुळगुळीत डाग पडेल, म्हणून शेवटी आजूबाजूच्या दाण्यांशी जुळणारे दाणे त्या भागात मिसळा. बिनमास्क, सरसकट ऑर्थोची दुरुस्ती करू नका, गवत आणि चेहरे बिघडतात.

सपाट एकच रंग भरलेला फोटो लगेच खोटा वाटतो. उन्हातल्या भागात रंग थोडा धुवट आणि सावलीत निळसर होतो. पाठीमागे उभ्या असलेल्या, लांबच्या विमानांचा रंग हवेमुळे फिकट आणि निळा होतो, त्यामुळे तिथे नमुन्याचा रंग जसाच्या तसा भरलात तर ते विमान पुढे उडी मारून येतं.

झीज, धूर आणि उघडा धातू

अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा रंग, उन्हात खूप बदलायचा. काही ठिकाणी पिवळट तपकिरी, काही ठिकाणी फिकट. सुकाणू आणि पंखांच्या हलत्या पट्ट्या बऱ्याच विमानांवर कापडाच्या असत आणि त्यांचा रंग धातूवरच्या रंगाहून वेगळ्या गतीने विटायचा. फोटोत सुकाणू आजूबाजूच्या शेपटीहून वेगळ्या छटेचं दिसलं तर ते दुरुस्त करू नका, तो खरा पुरावा आहे. त्याला थोडा वेगळा रंग द्या.

जपानी नौदलाच्या झिरो विमानांवर रंग पापुद्र्यांनी उडालेला दिसतो. १९४३ पासून वरचा गडद हिरवा आणि खाली करडा असं कॅमोफ्लाज आलं. दोन्ही रंगांची सीमा कारखाना सांगते: मित्सुबिशीच्या विमानांवर ती शेपटीपर्यंत सरळ जाते, नाकाजिमाच्या विमानांवर मागे वर वळते. आतल्या बाजूंना लावलेला आओताके हा पारदर्शक निळसर-हिरवा लेप धातूची चमक दाखवतो, म्हणून त्याला अपारदर्शक रंगासारखं भरू नका.

ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पंखावरच्या बंदुकांच्या तोंडांवर लाल डोप (कापड ताठ करणारा लेप) लावलेल्या कापडी पट्ट्या चिकटवत. उडण्याआधीच्या फोटोत त्या शाबूत दिसतात, लढून आल्यावर फाटलेल्या. धुराचे डाग काळे नसतात. शिसंमिश्रित इंधनामुळे इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळकांड्यांच्या मागचा डाग मधोमध फिका, राखाडी-तपकिरी असतो.

न रंगवलेला ॲल्युमिनियम करडा भरू नका. तो वरून आकाशाचा निळा आणि खालून जमिनीचा तपकिरी उचलतो. पी-५१ मस्टँगमध्ये एक बारकावा आहे जो फार कमी लोक लक्षात घेतात. त्याच्या पंखांच्या सांध्यांत पुट्टी भरून, घासून, वरून चंदेरी रंग दिलेला असे, तर धड उघड्या धातूचं. म्हणून एकाच विमानावर धड आरशासारखं आणि पंख मंद, मॅट दिसतात. फोटोतला फरक आधी ओळखा, मगच रंग भरा.

आपोआप रंग भरणारे प्रोग्राम

चेहरे, गवत, कपडे यांत ते मदत करतात. विमानावर त्यांना हात लावू देऊ नका, कारण त्यांना तारीख आणि आदेश माहीत नसतात. ते शिकलेल्या हजारो फोटोंची सरासरी काढतात, आणि सरासरी कुठल्याही एका स्क्वॉड्रनचा रंग नसतो.

फोटोसोबत काय लिहायचं

रंगवलेल्या फोटोसोबत मूळ कृष्णधवल फोटो ठेवा आणि चित्रावरच, कडेला का होईना, रंग नंतर भरले आहेत असं लिहा. रंगवलेली चित्रं मूळ म्हणून फिरू लागतात, आणि पुढच्या माणसाने तीच पुरावा म्हणून वापरली की चूक कायमची रुजते. त्याखाली तीन ओळी पुरतात: पहिल्या ओळीत फोटोची तारीख आणि ती कोणत्या खुणेवरून काढली, दुसरीत कोणते रंग पुराव्याने ठरवले, तिसरीत कोणते अंदाजाने भरले. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांतल्या जर्मन विमानांसारख्या वादग्रस्त रंगांबाबत तर तिसरी ओळ सगळ्यात मोठी होऊ शकते. तुम्ही तपकिरी भरला आहे पण हिरवाही शक्य आहे, तर तसं सरळ लिहा. कुणाच्या तरी घरच्या अल्बममध्ये त्याच विमानाचा दुसरा फोटो असतो, आणि असं लिहिलेलं वाचूनच तो माणूस तुमच्याशी संपर्क साधतो.